गुरुवारी काश्मीर

चहा निवायच्या आत सांगून होईल एवढाच हा किस्सा आहे. माझी अब्रू जायलाही साधारण तेवढाच वेळ लागला. तेव्हा घोट घेत ऐका आणि मधेच हसू आलं तर हसा. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी माझे विद्यार्थी हसले, त्यांचे आईबाप हसले, संस्थेचे पर्यवेक्षक हसले. तुम्ही काय परके आहात?

तळवड्याच्या शाळेत मी सातवीला भूगोल शिकवायचो. त्या वर्षी संस्थेनं आमच्याकडे एक डिजिटल संच पाठवला. संगणक, प्रोजेक्टर, मोठा पडदा आणि छातीत धडकी भरेल असे दोन स्पीकर. पण कायमचा नाही. वापर नीट झाला तर राहील, नाहीतर उचलून निगडीच्या शाखेला जाईल, असं ठरलेलं. निगडीची शाखा रोज एक फोन करून "कधी पाठवताय?" असं विचारायची. मुख्याध्यापिका जगतापबाई फोन ठेवून माझ्याकडे बघायच्या.

"सर, संच गेला ना, तर मी त्या निगडीवाल्यांना तोंड दाखवणार नाही."

"नाही जाणार बाई."

"तुम्ही म्हणताय म्हणून गप्प बसते."

आणि खरोखरच माझी तयारी चांगली होती. आभासी सहल हा प्रकार मी एकट्यानं, कुणाला न विचारता शिकलो होतो. आभासी सहल म्हणजे काय, तर वर्गातच बसायचं आणि पडद्यावर हिंडायचं. चित्रण चारी बाजूंचं असतं. माऊस ओढला की मान वळवल्यासारखं सगळं दृश्य वळतं. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी बसून सराव केला. बायको विचारायची, "आज कुठं?" मी म्हणायचो, "सहारा." ती म्हणायची, "येताना दळण आणा."

मुलांना मी समुद्राच्या तळाशी नेलं, वाळवंटात नेलं. ज्वालामुखीला नेलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलांनी बाकं मागे सरकवली. इथपर्यंत माझी कुठंही चूक नाही, हे नोंदवून ठेवतो. पुढे असं वाक्य पुन्हा येणार नाही.

तर, पर्यवेक्षक निंबाळकरसाहेब पाठ बघायला येणार असं कळलं. सोबत एक अट. पालकांचा सहभाग दिसला पाहिजे. त्यातही वडिलांचा!

आता आमच्याकडची गंमत तुम्हाला सांगायला हवी. शाळेला सुट्टी रविवारी. आणि पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे पोरगं घरी असतं तेव्हा बाप कंपनीत, आणि बाप घरी असतो तेव्हा पोरगं शाळेत. आमच्या पालकसभेला बाप येतो तो फक्त गैरहजेरीचं कारण म्हणून. "त्यांची फर्स्ट शिफ्ट आहे", "त्यांची सेकंड आहे", असं आया सांगतात आणि आम्ही लिहून घेतो.

मी म्हटलं, मग पाठ गुरुवारीच ठेवू. बाप मोकळे असतील.

जगतापबाई खूष झाल्या. "आणि सहल कुठली?"

इथं मला ती कल्पना सुचली. कंपनी! मोटारीचा कारखाना!

हसू नका, आधी माझं म्हणणं ऐका. आमच्या पोरांनी कंपनीचं गेट बघितलंय, कंपनीची बस बघितलीय, बापाच्या युनिफॉर्मवरचे ग्रीसचे डाग बघितलेत. आतलं कधीच नाही. लहान मुलांना आत सोडत नाहीत, आणि मोठ्यांच्या फोनच्या कॅमेऱ्यावरही गेटवरच स्टिकर लावतात. आपला बाप दिवसभर काय करतो हे पोराला ठाऊक नाही. मला परदेशातल्या एका मोटार कारखान्याची सुंदर आभासी सहल सापडली होती. बाप शेजारी बसलेला, समोर त्याचं जग उलगडतंय, पोरगं अभिमानानं बापाकडे वळून बघतंय... मी तर मनातल्या मनात साहेबांच्या डोळ्यांत पाणीही बघून ठेवलं होतं.

आणि हे सगळं अचानक समोर यावं म्हणून मी ठिकाण गुप्त ठेवलं.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, "गुरुवारी सकाळी आभासी सहल. सर्व वडिलांनी यावे. ठिकाण तेव्हाच कळेल." पाच मिनिटांत सुनंदा काळोखे यांचा मेसेज आला. या आमच्या आर्याच्या आई. "सर, आर्या म्हणते काश्मीर आहे. खरं का?"

मी उत्तर दिलं नाही. का नाही दिलं, तेही सांगतो, कारण त्यावर मी बराच विचार केला होता. काश्मीरला 'नाही' म्हटलं की दुसरं कुणी विचारणार, "मग कोकण का?" त्यालाही 'नाही' म्हणावं लागणार. असं नाही-नाही करत शेवटी कंपनीच उरणार, आणि सगळी गंमत जाणार. म्हणून कुणालाच काही सांगायचं नाही, असं माझं धोरण होतं.

माझं धोरण ग्रुपला माहीत नव्हतं.

"सर नाही म्हणाले नाहीत," एका आईनं लिहिलं.

"म्हणजे काश्मीरच."

"कन्फर्म झालं का?"

"हो, काळोखे मॅडमनी विचारलं ना."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर बर्फाचे फोटो आले. दल सरोवरातल्या शिकारा-होड्यांचे आले. कुणाच्या तरी आत्याचा काश्मिरी फेरन-झगा घालून काढलेला फोटो आला. आयांनी विचारलं, "आम्हीपण येऊ का?" जगतापबाईंनी लगेच लिहिलं, "अवश्य या." एकानं विचारलं, स्वेटर आणायचा का? मी सगळे मेसेज नीट वाचत होतो आणि मला वाटत होतं, किती थट्टेखोर आहेत आपले पालक! वाटू दे त्यांना काश्मीर, धक्का दुप्पट बसेल.

तो बसलाच.

गुरुवारी सकाळी शाळेच्या फाटकाशी जी गर्दी झाली ती आमच्या स्नेहसंमेलनालाही होत नाही. इस्त्रीचे शर्ट, डोक्यावर चढवलेले गॉगल. एका आईच्या हातात खरंच स्वेटर! सुनंदाताई ठेवणीतली हिरवी साडी नेसून, गजरा माळून आलेल्या. सोबत आर्याचे वडील, सोपान काळोखे. तळवड्याचेच जुने रहिवासी, चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला.

"नमस्कार सर! लई उपकार झाले बगा."

"माझे? कशाबद्दल?"

"लग्नात हिला म्हनलो व्हतो, काश्मीरला न्हेतो. पोरगी सातवीत गेली तवा योग आला."

"कुठं आला योग? शाळेनं आणला," सुनंदाताई म्हणाल्या. "ह्यांनी मला देहूच्या पुढं न्हेलं न्हाई सर, विचारा."

"आळंदीला कोन घेऊन गेलं व्हतं?"

"सासूबाई!"

त्यांच्यामागे शिंदे उभे होते. हे लातूरकडचे, मेंटेनन्समध्ये. डोळे लालभडक.

"सर, मी तर डायरेक्ट थर्ड शिफ्ट करून आलाव. झोपलाव बी नाही. म्हटलं, बर्फ बघावं नि मग झोपावं."

आता तुम्ही विचाराल, अहो, या क्षणी तरी तुम्हाला कळलं नाही का? कळलं. काश्मीरची सहल त्याच संगणकात होती, एका बोटाचं काम होतं. पण मी 'वडिलांचे विश्व' या विषयावर छोटंसं भाषण तयार केलं होतं. पाठही केलं होतं. ते काश्मीरला कसं चालणार? भाषण वाया जाऊ नये म्हणून मी पुढे गेलो. माणूस वाया गेला तरी चालेल, भाषण जाता कामा नये.

स्टेजचे काळे पडदे खिडक्यांना लावून वर्गात अंधार केला होता. बाप मंडळी मुलांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला टेकवून बसली. आया कडेच्या खुर्च्यांवर. साहेब अजून वाटेतच, निगडीच्या चौकात अडकलेले. जगतापबाई म्हणाल्या, "सुरू करा, ते पोचतील."

मी सुरू केलं.

पडदा उजळला. भलं मोठं शेड, पिवळे पट्टे मारलेली जमीन, कन्व्हेयर, आणि माना वाकवून काम करणारे रोबोट.

सगळ्यांनी माना पुढे काढून बर्फ शोधला.

मग सुनंदाताई म्हणाल्या, "ह्ये कुठलं गाव?"

"आत्ता बर्फ येईल," शेजारच्या बाईंनी धीर दिला.

मी म्हटलं, "पालकहो, आजची आपली सहल आहे मोटारीच्या कारखान्यात!"

सोपानरावांनी पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग फार शांतपणे म्हणाले, "सर, गुरुवारी तरी सोडा की राव!"

मागून कुणीतरी म्हणालं, "भावा, ओव्हरटाइम धरणार का ह्याचा?"

एवढा मोठा हशा झाला की माझं भाषण सुरू झाल्याचं कुणाला कळलंच नाही. पण मी ते पूर्ण केलं. वडिलांचे कष्ट, घामाचे मोती, सगळं आलं त्यात. मुलं मात्र खरंच बघत होती. आर्यानं वडिलांना विचारलं, "पप्पा, तुमचं असंच असतं?" सोपानराव म्हणाले, "ह्याच्याहून आवाज जास्त." तेव्हा मी काय करावं? स्पीकर वाढवला!

धडाम-सूं, धडाम-सूं. प्रेसचा एकसुरी ठोका वर्गभर घुमायला लागला.

आणि हळूहळू बाप झोपले.

आधी शिंदे. त्यांची मान बाकावर टेकली ती उशीवर टेकावी तशी. मग त्यांच्या मागची रांग. मला वाटलं होतं, आवाजानं माणूस जागा राहतो. पण त्यांना आठवडाभर हाच आवाज ऐकून दमायची सवय, त्यात अंधार, त्यात सुट्टी. सोपानराव दोन्ही हातांची घडी घालून, पाठ ताठ ठेवून झोपले होते. सुपरवायझरला कळू नये अशी ती झोप होती.

नेमके त्याच वेळी निंबाळकरसाहेब आले. गडद निळा सफारी, छातीवर ओळखपत्र, हातात काळी डायरी. अंधारात आत न शिरता ते दारातच उभे राहिले.

"पालक फारच शांत आहेत," ते कुजबुजले.

"तल्लीन झालेत साहेब," मी म्हटलं.

एका तल्लीन पालकानं घोरून दाखवलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ही सहल मी घरी पुनःपुन्हा बघितली होती, पण आवाज बंद करून. कारण त्या वेळी घरात टीव्ही चालू असायचा आणि मला भांडण नको होतं. त्यामुळे सहलीच्या शेवटी शिफ्ट सुटल्याचा भोंगा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

भोंगा झाला.

अहो, काय सांगू! मी माझ्या आयुष्यात एवढी शिस्त बघितली नाही. भोंग्यासरशी सगळे बाप उभे. कुणी डोळे उघडले नाहीत, निदान पूर्ण तरी नाहीत. बाकांमधून वाट काढत, एकामागे एक, न ढकलता, दाराकडे ओळ लागली. दाराशेजारी आमचा दिव्यांच्या बटणांचा बोर्ड. सर्वांत पुढे शिंदे. त्यांनी झोपेतच त्या बोर्डवर अंगठा टेकवला. कंपनीत बाहेर पडताना हजेरीच्या यंत्रावर टेकवतात, तसा.

ट्यूबलाइट लागली.

शिंदे पुढे सरकले. त्यांच्या मागच्यानं अंगठा टेकवला. ट्यूबलाइट गेली. त्याच्या मागच्यानं टेकवला. लागली. गेली. लागली. वर्गात वीज चमकावी तसा उजेड-अंधार चाललेला, आणि त्या उजेडात मला दिसलं की दारात गडद निळ्या सफारीत निंबाळकरसाहेब उभे आहेत आणि त्यांच्यासमोर शिंदे दोन्ही हात आडवे पसरून थांबलेत.

झडतीसाठी!

गेटवरचा सिक्युरिटी तपासतो ना, तसे. साहेबांना काय करावं कळेना. समोर एक धिप्पाड माणूस हात पसरून, डोळे मिटून उभा आहे आणि मागे ओळ वाढतेय. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, जगतापबाईंकडे बघितलं, आणि शेवटी डायरी काखेत धरून शिंद्यांचे खिसे चाचपले. शिंदे पुढे गेले. दुसरा आला, हात पसरले. साहेबांनी त्यालाही चाचपलं. तिसऱ्याला तर ते "चला" असंही म्हणाले.

"पप्पा!" आर्या ओरडली. "पप्पा, ही शाळा आहे!"

सोपानराव साहेबांपुढे हात पसरलेले असताना जागे झाले. त्यांनी साहेबांकडे नीट बघितलं. "तुमी नवीन का?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर जे हसणं सुरू झालं ते थांबेना. पोरं बाकांवर लोळली. आया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. साहेबांच्या डोळ्यांत पाणी यावं ही माझी इच्छा पूर्ण झाली, हेही नोंदवतो. हसत नव्हतं असं एकच माणूस होतं. सुनंदाताई. त्या गजरा नीट करत म्हणाल्या, "झालं का समद्यांचं? आता काश्मीर लावा."

मी मुकाट्यानं लावलं.

बर्फ आलं. देवदार आले. दल सरोवरावर शिकारा हलायला लागला. बाप मंडळी बाहेर टपरीवर चहाला गेली होती, सुनंदाताईंनी खिडकीचा काळा पडदा बाजूला करून हाक मारली, "अहो, या की! लागलंय!" सोपानराव कप तसाच हातात घेऊन आले आणि मागच्या बाकावर त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी एकाच कपातून चहा घेतला. "माऊस सावकाश फिरवा सर," त्यांनी मागून सांगितलं. "हिला घेरी येते." मी सावकाश फिरवला.

एकेक करून बाकीचेही परतले. शिंद्यांनी खरोखर बर्फ बघितलं आणि मगच झोपले.

निंबाळकरसाहेब माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "सहल मुलांची होती ना सर? निघून तर बाप गेले."

"साहेब, सवयीचा परिणाम." मी हसून म्हटलं. आता माझ्यातही थोडा धीर आला होता. "भोंगा झाला की पाय आपोआप चालतात. बिचाऱ्यांचं डोकं बंद असतं."

"हं. मला एकच सांगा. हा संच तळवड्यातच का राहावा? मी निगडीला काय सांगू?"

हाच तो प्रश्न! जगतापबाई श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या. सबंध वर्षाचं माझं काम त्या एका उत्तरात सांगायचं होतं. आणि उत्तर माझ्याकडे होतं.

"साहेब," मी म्हटलं, "माणसाला रोजच्या चाकोरीतून बाहेर काढणं, त्याला थांबून विचार करायला लावणं, हेच खरं शिक्षण. कारण एकदा का माणूस—"

टण टण टण.

पुढचं मला आठवतं ते असं : मी सातवी 'ब'च्या फळ्यासमोर उभा आहे. डाव्या हातात डस्टर, उजव्या हातात खडू. फळ्यावर मी 'भारतातील नद्या' असं ठळक लिहिलंय आणि खाली रेघ मारलीय. वळून बघतो तर टेबलाशी मोरेबाई उभ्या. गणिताच्या. तास त्यांचा होता. त्यांचं अर्धं सोडवलेलं उदाहरण मी पुसून टाकलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?"

दारात निंबाळकरसाहेब आणि जगतापबाई. साहेबांना मी वाक्याच्या मध्यावर सोडून आलो होतो. मागाहून बाईंनी सांगितलं की मी निघताना हजेरीपट उचलला, साहेबांना "जरा सरका" म्हणालो आणि सरळ चालू लागलो.

साहेबांनी फळ्यावरच्या नद्या वाचल्या. मग म्हणाले, "जगतापबाई, संच इथंच राहू द्या. इतके बाप मी कुठल्याच शाळेत बघितले नाहीत."

बाईंचा चेहरा फुलला. माझाही फुलत होता.

"पण साहेब, निगडीची शाखा?" बाईंनी विचारलं. "त्यांना तुम्ही शब्द दिलाय."

"दिलाय खरा. काहीतरी पाठवतो म्हणून कबूल करून बसलोय," साहेब म्हणाले, आणि फळ्यावरून त्यांची नजर सावकाश माझ्याकडे आली.

संच तळवड्यातच राहिला. जूनपासून मी निगडीला शिकवतो.